दाराबाहेरचं कॉर्नेट

तांडेल काका टेप मशीनवर चढवण्याआधी हुंगायचे. डबा उघडायचा, रीळ दोन्ही हातांनी कडेने उचलायचं, नाकाशी न्यायचं आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "शिळी आहे, दोन दिवस लागतील." किंवा "ताजी आहे, लाव." कधी नुसतंच तोंड वाकडं करून रीळ परत डब्यात. मी नोकरीला लागले त्या पहिल्या सकाळी त्यांनी एक रीळ माझ्याही नाकाशी धरलं आणि विचारलं, "काय येतंय?" मी घाबरून म्हटलं, "व्हिनेगर?" ते म्हणाले, "बरं. नाक आहे हिला." माझी मुलाखत मनीष सरांनी आठवड्यापूर्वीच घेतली होती, पण नोकरी मला त्या सकाळी मिळाली असं मी धरते.

आमची जागा मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला लिफ्टची बटणं बनवणारे. मध्ये आम्ही तिघं. लोकांच्या जुन्या टेप आणि कॅसेटवरचे आवाज कॉम्प्युटरवर उतरवायचे, साफ करायचे आणि परत द्यायचे. मनीष सर मालक, ते गिऱ्हाइकं आणायचे. मशीन तांडेल काकांची. उतरवलेला आवाज कॉम्प्युटरवर साफ करायचं काम माझं.

हरेश्वर तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. वय बहात्तर. वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्मले, तिथेच राहिले. वडिलांची होडी होती, ती थोरल्या भावाकडे गेली, आणि काका विशीत एका रेकॉर्डिंग स्टुडिओत टेप जोडायच्या कामाला लागले ते शेवटपर्यंत टेपपाशीच राहिले. तो स्टुडिओ आता नाही, तिथे टॉवर आहे. तिथलं मशीन मात्र काकांनी मनीष सरांना विकत घ्यायला लावलं होतं. चार पदरांचं मशीन. म्हणजे एकाच टेपवर चार वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी भरता येतात, आणि हवा तो आवाज वाढवता, हवा तो बंद करता येतो. काका त्या पदराला ट्रॅकच म्हणायचे, सगळेच म्हणतात.

मला ते नावाने हाक मारत नसत. "ए बोरिवली, चहा सांगितलाय." "बोरिवली, पंखा बंद कर, टेपला वारा लागतो." मी बोरिवलीहून येते एवढं त्यांना पुरेसं होतं. मी कमी बोलते. शाळा इंग्लिश मिडियम, घरी मराठी, त्यामुळे दोन्हीकडे तोंड उघडण्याआधी मी मनात वाक्य जुळवून घेते, आणि जुळेपर्यंत समोरच्याचं बोलणं पुढे गेलेलं असतं. काकांना याचा त्रास झाला नाही. ते वाट बघायचे. समोरचा माणूस गप्प असला की बहुतेक लोक अस्वस्थ होतात. काका मशीनचा रबर पुसत बसायचे. दुपारी त्यांच्या डब्यात कायम मासे, आणि मी अंडंसुद्धा खात नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून डब्यात वेगळ्या कागदात गुंडाळलेली तांदळाची एक भाकरी यायला लागली. त्याबद्दल कधी काही बोलणं झालं नाही. मी खायचे.

जुन्या टेपला दमटपणा लागला की ती चिकट होते. तशीच लावली तर तिच्यावरची तपकिरी पूड सुटून मशीनला बसते, आणि त्या पुडीतच आवाज असतो. म्हणून टेप आधी मंद उष्णतेवर सुकवावी लागते. त्यासाठी आमच्याकडे फळं सुकवायचं एक यंत्र होतं. मनीष सरांनी त्याबरोबर आलेली पुस्तिका काकांना दिली तेव्हा काका म्हणाले, "आमच्याकडे बोंबील सुकायला वलांडीवर टाकतात ते काय पुस्तक बघून?" किती तास ठेवायची ते ते बोटाने टेपचं टोक चिमटीत धरून ठरवायचे. कमी सुकली तर सुटते, जास्त सुकली तर कडक होऊन तुटते. पहिल्याच महिन्यात मी एक टेप न सुकवता लावली. घाई झाली होती. मशीन किंचाळायला लागलं. काका धावत आले नाहीत, चालत आले, मशीन थांबवलं, आणि खिशातल्या कापसाच्या काड्यांनी पूड पुसायला लागले. एक काडी त्यांनी माझ्या हातात दिली. "बघ. ही आता परत चिकटवता येत नाही." एवढंच बोलले. ती टेप कुणाच्या तरी साखरपुड्याची होती. गिऱ्हाइकाला फोन मीच करायचा, असं मात्र त्यांनी लावून धरलं. मी फोनवर अकरा मिनिटं होते. तेवढा वेळ ते शेजारी उभे होते.

त्यांची एक वही होती. लांबट, लाल कापडी कण्याची. प्रत्येक टेपला एक पान. टेप कुणाची, किती लांब, कुठे तुटली आहे, आणि आवाज कसा. आवाजाचे शब्द बाजारातले. ओला. सुका. गाबोळीसारखा दाणेदार. "बाईचा आवाज ताजा, तबला शिळा." मी कॉम्प्युटरवर इंग्लिशमध्ये पंचवीस शब्दांत जे लिहायचे ते त्या एका ओळीत असायचं. वहीत शेवटचा रकाना होता 'बाहेरचे आवाज'. तो रकाना माझ्यामुळे आला, म्हणून मला त्याबद्दल सांगता येतं.

मुलुंडहून एक बाई आल्या होत्या. त्यांचे वडील दुबईला असताना घरच्यांनी त्यांना पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवली होती, ती त्यांना साफ करून हवी होती. मी तीन दिवस खपले. पंख्याची घरघर काढली, मागे सारखी शिट्टी मारणारा कुकर काढला. कॅसेटवर बोलणाऱ्या त्यांच्या आजोबांचा आवाज अगदी समोर बसल्यासारखा आला. बाई हेडफोन लावून ऐकत बसल्या, आणि मग म्हणाल्या, "कुकर कुठे गेला?" मी अभिमानाने सांगितलं, काढला. त्या म्हणाल्या, "आई त्यात कुठे बोललीच नाही. ती आत स्वयंपाक करत होती. कुकर म्हणजे आईच ना." कुकर माझ्याकडे होता, मी परत घातला. बाई गेल्यावर काकांनी पट्टी घेतली आणि वहीच्या प्रत्येक पानावर एक रकाना आखला. "आधी विचारायचं," ते म्हणाले. "मग काढायचं."

मशीन सुरू करण्याची त्यांची रीत ठरलेली होती. डावा हात रिळावर, जिभेचा एक टक्क आवाज, आणि मग, "एक... दोन... चला." तीन कधी म्हटलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तीनला सुरू झालेलं असायला पाहिजे."

मागच्या वर्षी मनीष सर एक मोठं काम घेऊन आले. पन्नासेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या चार मुलांनी एक इंग्लिश रॉक बँड काढला होता, 'द सॉल्ट पॅन्स'. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, 'लास्ट बस टू मढ'. माझ्या पिढीला ती इंटरनेटवर सापडली आणि अचानक तिचं नाव झालं. मीही कॉलेजात असताना ती शंभर वेळा ऐकली आहे. ड्रम, बेस, गिटार, आणि गाणाऱ्या रॉनी सरांचा तो थकलेला आवाज. पण त्यावर रेकॉर्ड कंपनीने नंतर व्हायोलिन्स आणि एक कॉर्नेट चढवलं होतं. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा बुटका भाऊ, लग्नाच्या बँडमध्ये असतं ते. रॉनी सरांना हे विचारलंही नव्हतं. पन्नास वर्षं प्रत्येक मुलाखतीत ते एकच वाक्य बोलत आले होते, की आमच्या रेकॉर्डमध्ये कंपनीने लग्नाचा बँड घुसवला. आता चौघांपैकी दोघं उरले होते, हक्क त्यांच्याकडे आले होते, आणि त्यांना ती रेकॉर्ड वरचं सगळं उतरवून, फक्त चौघांचं वाजवणं ठेवून, नव्याने काढायची होती. नाव ठरलं होतं: 'जस्ट द फोर'.

मनीष सर खुशीत होते. "काका, सोपं काम आहे. पहिल्या ट्रॅकवर ड्रम आणि बेस, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर आवाज. वाजंत्री सगळी चौथ्यावर. चौथा बंद केला की झालं."

काका म्हणाले, "माहीत आहे."

मनीष सरांना वाटलं, ऐकून माहीत असेल.

टेप आल्या त्या बुरशीने पांढऱ्या झालेल्या होत्या. काकांनी त्या हुंगल्या नाहीत. सरळ सुकवायला ठेवल्या. तीन दिवस ते वहीत काही लिहीत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते, आणि माझी भाकरी मात्र रोज येत होती. चौथ्या दिवशी पहिली टेप लागली. प्रत्येक ट्रॅक वेगळा उतरवायचा होता. तीन झाले, चौथा सुरू झाला. आधी टेपचा नुसता श्वास. कुणीतरी खोकलं. एका व्हायोलिनने सूर तपासला. मग माईकच्या अगदी जवळ जिभेचा टक्क आवाज आला, आणि एका कोवळ्या, विशीतल्या गळ्याने हळूच म्हटलं, "एक... दोन... चला." आणि कॉर्नेट सुरू झालं.

मी काकांकडे बघितलं. ते मशीनकडे तोंड करून उभे होते. मानेवरचे पांढरे केस तेवढे मला दिसत होते.

"लेव्हल बघ," ते म्हणाले. "लालमध्ये जातेय."

मी लेव्हल बघितली. नऊ गाणी होती, त्यांतल्या पाचांवर ते कॉर्नेट होतं. मी त्या वाजवण्याबद्दल काही जाणकारीचं लिहू शकणार नाही. एवढंच सांगते की कॉलेजात असताना शंभर वेळा ऐकलेल्या त्या रेकॉर्डमधला जो तुकडा मी गुणगुणायचे तो रॉनी सरांचा नव्हता, कॉर्नेटचा होता, आणि तो वाजवणारा माणूस एक वर्षभर मला भाकरी देत होता. पाचही गाण्यांवरून आम्ही ते उतरवलं. काकांनी स्वतःच्या हाताने चौथ्या ट्रॅकचं बटण खाली आणलं. एकदाही हात थांबला नाही.

शेवटच्या गाण्यात कॉर्नेट नव्हतंच. तिथे फक्त व्हायोलिन्स होती, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, ओल्या गोधडीसारखी जाड. काकांनी चौथा बंद केला. गाणं उघडं झालं. रॉनी सरांनी पहिली ओळ म्हटली, आणि ओळ संपली तिथे, खूप लांबून, भिंतीपलीकडून यावं तसं, कुणीतरी ती ओळ कॉर्नेटवर उचलली. दुसरी ओळ म्हटली. पुन्हा मागून कॉर्नेट.

चौथा बंद होता. मी दोनदा तपासलं. आवाज तिसऱ्या ट्रॅकवरून येत होता, रॉनी सरांच्या माईकमधून. व्हायोलिन्सच्या खाली तो पन्नास वर्षं कुणाला ऐकू आला नव्हता.

टेप चालू असताना काका कधी बसत नसत. त्या दिवशी ते स्टुलावर बसले.

गाणं संपल्यावर मी वाक्य जुळवलं. "काका, हे तुम्हीच ना?"

"ऐकू येतंय तुला?"

"हो."

"मग तुझं काम अजून झालं नाही," ते म्हणाले. "काढ ते."

आणि वही ओढून त्यांनी पान भरलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'कॉर्नेट. दाराबाहेरून.'

चहाच्या टपरीवर त्यांनी मला जे सांगितलं ते थोडंच होतं. वेसाव्यात त्यांच्या चुलत्याचा लग्नाचा बँड होता. हरेश्वर बारा वर्षांचा असल्यापासून त्यात. वरातीत गाणारा पुढे चालतो, त्याची ओळ संपली की कॉर्नेटने ती उचलायची, दम घ्यायला त्याला तेवढीच उसंत मिळते. ही बँडची रीत. कंपनीच्या माणसाने त्यांना पाच गाण्यांसाठी बोलावलं होतं. त्या दिवशी ते लवकर पोचले. आत चौघांचं शेवटचं गाणं चालू होतं, म्हणून ते कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले. दार नीट लागलेलं नव्हतं. "तो ओळ सोडायचा आणि गप्प व्हायचा," काका म्हणाले. "ओळ अशी रिकामी सोडून द्यायची असते का? माझ्या हातात होतं, मी उचलली. हळू वाजवत होतो गं. मला वाटलं, आत जात नाही."

"रॉनी सरांना सांगायला हवं."

"काय सांगू? पन्नास वर्षं तो माणूस म्हणतोय, लग्नाचा बँड घुसवला. आता जाऊन सांगू, साहेब, आणखी एका गाण्यात घुसलो होतो, तिथे तर बोलावलंही नव्हतं?"

ते हसले. मला हसू आलं नाही.

"आणि मग तुम्ही वाजवणं का सोडलंत?"

"पुढचे दात गेले," ते म्हणाले. "दातांशिवाय कॉर्नेट नाही वाजत."

मी चार दिवस घालवून त्या गाण्यातून कॉर्नेट काढलं. एवढं चांगलं काम मी तोवर केलं नव्हतं. काका एका कानाला हेडफोन लावून ऐकत होते, दुसरा कान नेहमीसारखा मोकळा. संपल्यावर म्हणाले, "गेलं." मी जुनी प्रत पुसली नाही. त्यांनी पुसायला सांगितलंही नाही.

मग रॉनी सर स्वतः ऐकायला आले. उंच, वाकलेले, पायात कोल्हापुरी. मनीष सरांनी त्यांच्यासाठी भाड्याने खुर्ची आणली होती. आठ गाणी झाली. रॉनी सर डोळे मिटून मान हलवत होते, मध्येच "गॉड, वी वेअर गुड" असं स्वतःशी म्हणत होते. नववं लावायची वेळ आली तेव्हा माझ्यासमोर दोन फायली होत्या. मी साफ न केलेली लावली. चुकून नाही. तोंडाने मला जे जमलं नसतं ते मी हाताने केलं, आणि पुढचं कुणीतरी बोलेल असं धरून चालले.

पहिल्या ओळीमागून कॉर्नेट आलं. रॉनी सरांनी डोळे उघडले. मनीष सर माझ्याकडे बघायला लागले. काका दाराशी उभे होते.

"रुको, रुको," रॉनी सर म्हणाले. "ये पीछे क्या है?"

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं, आता.

"बाहर का आवाज है, साब," काका म्हणाले. "रास्ते से बारात जा रही होगी."

रॉनी सर थोडा वेळ ऐकत राहिले. पुढची ओळ. मागून कॉर्नेट. त्यांचा चेहरा असा सैल झाला की ते एकदम तरुण दिसले. "माय गॉड," ते म्हणाले. "कसला सुंदर अपघात आहे हा. कोई जा रहा है रास्ते से, और देखो, मेरे साथ गा रहा है." मग मोठ्याने हसले. "आयुष्यभर मी लग्नाच्या बँडला शिव्या दिल्या, आणि हा खराखुरा बँड आपल्या पायांनी आत आला. नो, नो, इसको हाथ मत लगाना. ठेवा. हे ठेवायचं."

काकाही हसले. सगळ्यांबरोबर, तेवढंच. "ठीक है साब," म्हणाले, आणि चहा सांगायला खाली गेले.

त्यानंतर मी त्यांना एकटीने गाठलं. म्हटलं, "त्यांना आवडलं काका. आता तरी सांगा."

"त्याला वरात आवडली," काका म्हणाले. "माझं नाव सांगितलं की परत कंपनीने बोलावलेला बँडवाला होईन. राहू दे."

ते बरोबर आहे की नाही हे मला अजूनही ठरवता येत नाही.

रेकॉर्डबरोबर एक छापील पुस्तिका जाणार होती. मजकूर रॉनी सर लिहीत होते. त्यांनी मला मेल केलं, काम करणाऱ्यांची नावं आणि काही तांत्रिक तपशील असतील तर शुक्रवारपर्यंत पाठव. ते मेल आलं त्या दिवशी काकांनी दोनदा विचारलं, "शेवटचा दिवस कधी म्हणालीस?" मी शुक्रवार म्हटलं. शुक्रवारी ते माझ्या टेबलापाशी तीनदा आले. पहिल्यांदा कात्री न्यायला, आणि कात्री त्यांच्या खिशात होती. दुसऱ्यांदा, "पंखा जास्त होतोय का तुला?" म्हणून. तिसऱ्यांदा नुसतेच. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या स्क्रीनवर मेल उघडंच होतं. त्यात मी एक वाक्य लिहून ठेवलं होतं: शेवटच्या गाण्यातलं कॉर्नेट हरेश्वर तांडेल यांनी वाजवलं आहे. इंग्लिशमध्ये. त्यांनी ते वाचलं की नाही मला माहीत नाही, तेव्हाच त्यांचे डोळे साखरेने अधू व्हायला लागले होते. ते सांगतील म्हणून मी थांबले. मी विचारीन म्हणून बहुधा ते थांबले. मग ते म्हणाले, "निघतो आज जरा लवकर," आणि गेले. मी ते वाक्य खोडलं आणि मेल पाठवलं. त्यांनी नको म्हटलं होतं, मी त्यांचं ऐकलं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं कारण इतकं चांगलं नव्हतं. 'नाव घालू का?' एवढे तीन शब्द विचारायचे होते आणि मला ते जुळले नाहीत.

पावसाळ्यानंतर काका कामावर यायचे थांबले. आधी डोळे, मग किडन्या. पुस्तिकेसकट छापून आलेली रेकॉर्ड घेऊन मी वेसाव्याला गेले ती आमची शेवटची भेट. त्यानंतर बारा दिवसांनी ते गेले.

सकाळची वेळ होती. काकी नुकत्याच अंधेरीच्या मासळी बाजारातून आल्या होत्या आणि मोरीवर टोपली धूत होत्या. खोली लहान, खिडकीतून खारा, सुक्या मासळीचा वास. काका पलंगावर उशीला टेकून बसले होते, इतके बारीक झालेले की शर्ट दुसऱ्याचा वाटत होता. मी रेकॉर्ड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कडेने धरली, बोटांनी चाचपली, बाजूला ठेवली. काय बोलायचं म्हणून मी काकींना म्हटलं, "काका कॉर्नेट फार छान वाजवायचे. दात गेले म्हणून राहिलं."

"कसले दात?" काकी मोरीवरूनच म्हणाल्या. "साठीपर्यंत सगळे शाबूत होते त्यांचे. काटे पण चावून खायचे. तो पेपरात काय छापून आलं ना, लग्नाचा बँड का काय, त्यानंतर हात नाय लावला. आमच्या लग्नात पण नाय."

"तू टोपली धू," काका म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "पुस्तिका आहे ना त्यात? वाच. मला आता दिसत नाही."

मी उघडली. नावांचं पान आधी वाचलं. टेप उतरवणं: एच. तांडेल. "ते माहीत आहे," ते म्हणाले. "पुढे. गाण्यांबद्दल काय लिहिलंय ते. मराठीत सांग."

मी एकेका गाण्याबद्दल मराठीत सांगत गेले. रॉनी सर चांगलं लिहितात. नवव्या गाण्यापाशी आले. तिथे लिहिलं होतं, की त्या दुपारी रस्त्यावरून एक लग्नाची वरात जात होती आणि तिचा आवाज आमच्या माईकमध्ये शिरला. ते वाजवणारा कोण होता हे आम्हाला कधीच कळणार नाही. मी ते डोळ्यांनी वाचलं. काका माझ्याकडे तोंड करून थांबले होते. काकींनी पाणी बंद केलं होतं.

"शेवटच्या गाण्यात मागे जे कॉर्नेट ऐकू येतं," मी म्हटलं, "ते वेसाव्याच्या हरेश्वर तांडेल यांनी वाजवलं आहे. ते दाराबाहेर बसले होते. तेव्हा आम्हाला ते ऐकू आलं नाही. आता ऐकू येतं."

काकांचा उजवा हात चादरीवर होता, तो तसाच राहिला. बाहेर कुणीतरी जाळं ओढत नेत होतं, त्याचा सरसर आवाज पुढे जाऊन थांबला.

"परत वाच," ते म्हणाले.

मी पानाकडे बघितलं. पानावर ते शब्द नव्हते, आणि मघाशी मी नक्की काय म्हटलं ते आता मला आठवेना. "शेवटच्या गाण्यातलं सुंदर कॉर्नेटवादन हे," मी म्हटलं, "श्री. हरेश्वर तांडेल या कलाकाराचं असून... आम्ही सर्व जण त्यांचे मनापासून ऋणी आहोत."

काकांनी डोळे मिटले.

"पहिलंच ठेव," ते म्हणाले.